पॅरामेडिक व्हायचंय? आधी दशांश चिन्हाशी मैत्री करा

आज पॅरामेडिकच्या, म्हणजे अॅम्ब्युलन्समधून तातडीचे उपचार देणाऱ्यांच्या, प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस. शरीररचना अवघड जाईल अशी धास्ती असते, पण मुलं घसरतात ती औषधाच्या मात्रेत. अॅड्रेनलिनचंच घ्या. हृदय बंद पडलेल्या प्रौढाला १ मिलिग्रॅम शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी, त्यासाठी ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण, म्हणजे १० मिलिलिटर. जीवघेण्या अॅलर्जीत मात्र ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. तिथे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं, म्हणजे अर्धा मिलिलिटर. औषध एकच, तीव्रता दहापट. लेबल न वाचता सिरिंज भरणाऱ्याला नापास करतात, आणि करायलाच हवं.

सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन करायच्या उपचारात, छाती दाबण्याचा वेग सगळ्यांना पाठ असतो: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. चुकतं ते पुढे. थकलेला हात छातीवरच टेकून राहतो, छाती पूर्ण वर येत नाही, मग हृदयात रक्त भरणार कसं? घाबरून श्वास देण्याची बॅग भराभर दाबली की छातीतला दाब वाढतो आणि तोच घोटाळा होतो. श्वासनलिकेत नळी असेल तर दर ६ सेकंदांना एकच श्वास. (मनात मोजा, घाईत सहाचे तीन होतात.)

प्रवेशाचं म्हणाल तर अनेक ठिकाणी आधी ईएमटीचा (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, पॅरामेडिकच्या आधीची पायरी) कोर्स आणि अॅम्ब्युलन्सवरचा अनुभव मागतात. कागदपत्रांत हमखास अडकते ती हेपॅटायटिस बीची लस: नेहमीच्या वेळापत्रकात ३ डोसना ६ महिने लागतात. अर्ज भरण्याआधीच पहिला डोस घ्या.