मेटाडोरचे टायर

बाबांच्या मेटाडोरमध्ये दोन बाकं, गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून आम्ही तिचं फिरतं घर केलंय. कसारा घाटात जायच्या आधी टायर बदलायचेच होते. नक्षी अजून चांगली दिसत होती, पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा होत्या. तारखेचे चार आकडे वाचले: २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा! अशी गाडी चालते कमी आणि उभीच जास्त राहते. ऊन खाऊन रबर झिजण्याआधीच म्हातारं होतं.

दुकानात जाण्याआधी टाकी भरली, सामान चढवलं, आम्ही चौघं बसलो आणि वजनकाट्यावर गेलो. मागच्या आसाखाली १६४० किलो भरले, म्हणजे एका चाकावर ८२०. कुर्ल्याच्या दुकानदाराने स्वस्तातला टायर पुढे केला. त्याचा भार निर्देशांक १०० होता, म्हणजे ८०० किलो. मी नको म्हटलं. १०४ चा, ९०० किलोवाला मागितला. तिथे मी पैसे वाचवणार नाही, आत माझी आई बसते.

रिमचा मोह मात्र झाला होता. चकचकीत अलॉय फार सुंदर दिसत होते. पण त्यांच्यावर किती भार चालतो ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. जुन्या लोखंडी रिम गंज खरवडून, तडे तपासून, रंगवून घेतल्या. त्या ट्यूबच्या टायरसाठीच बनलेल्या, म्हणून ट्यूबही नव्या टाकल्या.

स्टेपनीसुद्धा नवीच घेतली.