उघडी खिडकी

इटलीतल्या कामोल्यीच्या धक्क्यावर तेलाने माखलेला फोकाच्चा, म्हणजे इथला चपटा पाव, खात बसलो होतो आणि पाऊस आला. जेनोवाहून रेल्वेने तासाच्या आत येणारं हे गाव. पुळणीलगत सहा-सात मजली घरं खांद्याला खांदा लावून उभी, कुणी गेरूच्या रंगाचं, कुणी हळदीच्या, कुणी फिक्या गुलाबी. कोळ्यांना समुद्रातून आपलं घर ओळखू यावं म्हणून हे रंग, असं इथे जो तो सांगतो. मला नाही पटत. ज्याला स्वतःचं घर ओळखता येत नाही, तो होडी काय आणणार बंदरात? शिवाय एकोणिसाव्या शतकात या एवढ्याशा गावाला 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' म्हणत. त्यांना कुणी रस्ता दाखवायची गरज नसावी.

तर पाऊस आला. वरच्या हिरव्या झडपा धडाधड लागल्या. चौथ्या मजल्यावरची एक मात्र अर्धवट उघडीच. मला चैन पडेना. आत गाद्या असतील, कुणाचं म्हातारं माणूस झोपलं असेल. शेवटी नवऱ्याला म्हटलं, "अरे, त्यांना हाक मारायला हवी."

त्याने वर बघितलं. "रंगवलेली आहे ती."

खरंच. झडपा, त्यांच्या फटी, चौकट, चौकटीखालची सावलीसुद्धा. सगळं भिंतीवर. लिगुरियात, म्हणजे इथल्या या किनारी प्रांतात, अशा खिडक्या गावोगाव आहेत म्हणे. दर्शनी बाजू जुळून दिसावी म्हणून, किंवा खऱ्या खिडकीला खर्च येतो म्हणून.

आमच्या कोकणातल्या घरी पहिली सर आली की आजी ओटीवरूनच ओरडायची, "खिडक्या लावा गोऽ!" मग आम्ही पोरं सुटायचो. सोपा, माजघर, बाळंतिणीची खोली. माडीवरची शेवटची माझ्याकडे. तिचं दार पावसाळ्यात फुगायचं, कडी बसायची नाही, मग खाली गोणपाट कोंबायचं. तरी ओल यायचीच. गणपतीच्या आधी बाबा भिंतींना नीळ घातलेला चुना द्यायचे, आणि तेवढा पट्टा दरवर्षी वेगळाच निळा दिसायचा. टेकलं की सदऱ्याची पाठ पांढरी.

पाऊस दहा मिनिटांत थांबला. झडपा उघडल्या, एका बाईने दोरीवर टॉवेल परत टाकला. रंगवलेली खिडकी होती तशीच, कोरडी असल्यासारखी. नवऱ्याने तिचा फोटो काढला. माझं लक्ष फोनकडे होतं.

गेल्या आषाढात शेजारच्या काकांचा फोन आला होता, माडीवरची खिडकी उघडी राहिली आहे, पाऊस आत जातोय. किल्ली चुलत्यांकडे असेल असं मी म्हटलं, चुलते म्हणाले तुमच्याकडे. सापडली चार दिवसांनी.

फोकाच्चाचा कागद कुठे टाकायचा, ते शोधत आम्ही स्टेशनकडे निघालो.