तुम्ही विचारलंत म्हणून: पाकिस्तानी मालिका बघताना काही वाटत नाही का?

"तुम्ही अजून पाकिस्तानी मालिका बघता? काही वाटत नाही?" हा प्रश्न मला सारखा येतो. कुणी रागाने विचारतं, कुणी अगदी आशेने. रागाने विचारणाऱ्यांना वाटतं मी सगळं विसरून बसलेय, आणि आशेने विचारणारे लगेच पुढचं विचारतात की गाणी-मालिका-क्रिकेट वाढलं तर दोन्ही देश जवळ येतील ना? दोघांनाही एकदाच नीट उत्तर देते.

विसरले काहीच नाहीये. सीएसटीवरून रोज लोकलने जाणारी बाई आहे मी, २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर कितीतरी महिने त्या मेन लाइनच्या हॉलमधून जाताना पाय आपोआप भराभर पडायचे. तो राग खरा आहे, आणि तो सोडून द्या असं मी कुणालाच सांगणार नाही.

आणि कलेने शांतता येते हेही मी म्हणत नाही. १९९९ आठवून बघा. ३१ जानेवारीला पाकिस्तानने चेन्नईची टेस्ट १२ रनांनी जिंकली, सचिन पाठदुखी सोसत १३६ काढून आउट झाला आणि त्याच्यामागे आपली बाकीची टीम कोसळली, एवढं होऊनही चेपॉकवरचे लोक उठून उभे राहिले आणि वसीम अक्रमच्या टीमने मैदानाला फेरी मारली तेव्हा टाळ्या वाजवत राहिले. २० फेब्रुवारीला वाजपेयी बसने लाहोरला गेले. आणि मे महिन्यात कारगिल. घुसखोरी करायची की नाही हे प्रेक्षकांना विचारून ठरत नसतं, त्यामुळे गायकांच्या आणि खेळाडूंच्या खांद्यावर ते ओझं टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मालिका बघून होतं काय? तर समोरची माणसं दिसायला लागतात, तपशिलासकट. २०१४ मध्ये आपल्याकडे 'जिंदगी' चॅनेल सुरू झालं आणि 'जिंदगी गुलजार है' लागायची. आमच्या सासूबाई आधी नाक मुरडून बसायच्या, मग हळूहळू त्यांनीच वेळ लक्षात ठेवायला सुरुवात केली. त्यातली रफिया शाळेत शिकवते, मुलगा हवा म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलंय, तीन मुलींना ती एकटीने वाढवते, रात्री उशिरापर्यंत शिकवण्या घेते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या नागपूरच्या मावशीचीच गोष्ट." २६ भागांत मालिका संपली, त्यांना त्याचंच फार अप्रूप. त्याच वर्षी १६ डिसेंबरला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, १३० हून जास्त मुलं मारली गेली, शिक्षिकाही गेल्या. आपल्या शाळांनीसुद्धा दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं शांतता पाळली होती. बातम्या बघता बघता सासूबाई मध्येच म्हणाल्या, "त्या रफियासारख्या किती जणी असतील गं त्या शाळेत." त्याआधी पाकिस्तानात बॉम्बस्फोट झाला की आमच्या घरात "भोगा आता" असं म्हटलं जायचं. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. मालिकेने केलं ते एवढंच, आणि मला ते कमी वाटत नाही. उरीच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये 'जिंदगी'वरच्या पाकिस्तानी मालिका बंद झाल्या.

आता मीडिया काय करतो ते बघायचं तर आपला नीरज चोप्रा आणि पाकिस्तानचा अर्शद नदीम या दोन भालाफेकपटूंचं उदाहरण घ्या, मला याच्याइतकं स्वच्छ दुसरं सापडलेलं नाही. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरजने गोल्ड घेतलं. नंतर एका मुलाखतीत तो सहज बोलून गेला की फायनलमध्ये त्याचा भाला सापडेना, बघतो तर अर्शदच्या हातात, मग त्याने मागून घेतला. झालं! अर्शदने भाल्यात काहीतरी गडबड केली असणार म्हणून पोस्टी फिरायला लागल्या. शेवटी नीरजलाच व्हिडिओ टाकून सांगावं लागलं की बाबांनो, तिथे ठेवलेला भाला कुणीही वापरू शकतो, नियमच आहे तसा, माझं नाव वापरून घाण पसरवू नका. मग ८ ऑगस्ट २०२४, पॅरिस. अर्शदने ९२.९७ मीटर फेकून गोल्ड नेलं, नीरजला ८९.४५ वर सिल्व्हर. नीरजच्या आई, सरोजदेवी, म्हणाल्या की ज्याने गोल्ड जिंकलं तोही आपलाच मुलगा. तिकडे अर्शदच्या आईनेही नीरज आपल्या मुलासारखाच म्हणून सांगितलं. दोन्हीकडच्या चॅनेलांनी या दोन आयांना डोक्यावर घेतलं, दिवसभर तेच.

पुढच्या एप्रिलमध्ये नीरजने मे महिन्यात बंगळुरूला स्पर्धा घ्यायचं ठरवलं आणि जगभरच्या भालाफेकपटूंबरोबर अर्शदलाही बोलावलं. निमंत्रणं गेली आणि लगेच २२ एप्रिलला पहलगाम झालं, २६ माणसं गेली. मग नीरजच्या देशभक्तीवर बोट ठेवायला लोक मागेपुढे बघेनात, आणि त्याच्या आईलासुद्धा सोडलं नाही. त्याने लिहिलेलं निवेदन आजही वाचवत नाही मला, त्यात त्याने म्हटलं होतं की वर्षभरापूर्वी आईच्या साध्या बोलण्याचं कौतुक करणारेच आज त्याच बोलण्यावरून तिला टोचतायत. म्हणजे त्या बाई बदलल्या नव्हत्या, त्यांचं वाक्य बदललं नव्हतं, नऊ महिन्यांत ते वाक्य दाखवणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची गरज तेवढी बदलली. सुभेदार म्हणून सैन्यात काम केलेल्या मुलाला आपण पाकिस्तानी नाही हे सिद्ध करत बसायला लागावं, याचा मला आजही संताप येतो.

आणि पहलगामनंतर दोन्ही देशांत लढाई पेटली तेव्हाची, ८ मे २०२५ ची रात्र तर विसरणं शक्य नाही. आपल्या कितीतरी चॅनेलांवर कराची बंदरावर नौदलाचा हल्ला, बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबाद हाताशी आलं, अशा बातम्या चालल्या होत्या आणि मागे सायरनचे आवाज. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचा मुलगा नेव्हीत आहे. त्या रात्रभर टीव्हीसमोरून हलल्या नाहीत, हातात फोन, मुलगा फोन उचलत नाही, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात कराची. सकाळ झाली तेव्हा कळलं त्यातलं काहीच घडलेलं नव्हतं. तिकडेही तेच चाललं होतं, न झालेल्या विजयांचे दावे, आणि दोन्हीकडे व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाईची म्हणून फिरली. खऱ्या युद्धात खऱ्या जवानांचे जीव पणाला लागलेले असताना त्यांच्या घरच्यांना असं जाळायचं, हे माझ्या दृष्टीने कुठल्याही मालिकेपेक्षा जास्त देशविरोधी आहे. त्या चॅनेलला बघताना काही वाटतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

अजून एक गोष्ट, जी लक्षात यायला मला बराच वेळ लागला. दोन्ही देशांमधली नाटकं, कविता, चांगले वार्तांकन करणारे पत्रकार यांना सीमा ओलांडायला अडचणी येतात, पण ओरडणाऱ्यांच्या क्लिपा एका मिनिटात पलीकडे पोचतात. आपला अँकर टेबलावर हात आपटतो ती क्लिप तिकडे 'बघा भारत काय बोलतो' म्हणून चालते, आणि तिकडचा कुणी तोंडाळ माणूस अणुबॉम्बच्या बाता मारतो तो आपल्याकडे प्राइम टाइमला. दोघांचाही धंदा एकमेकांच्या जिवावर चालतो. म्हणजे शेजाऱ्याची आपल्याला जी ओळख होते ती त्याच्या घरातल्या सगळ्यात भांडखोर माणसाकडून.

हे फक्त आपलंच आहे असंही नाही. दक्षिण कोरियाने जपानी राजवटीच्या आठवणींपायी जपानी गाणी-सिनेमे कित्येक दशकं बंद ठेवले होते, १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उघडले. २००३ नंतर जपानी बायका एका कोरियन मालिकेच्या इतक्या प्रेमात पडल्या की तिचं शूटिंग झालेल्या जागा बघायला कोरियाला जायला लागल्या. आणि तरी दहा वर्षांत टोकियोच्या शिन-ओकुबो या कोरियन दुकानांच्या भागात कोरियन लोकांविरुद्ध द्वेषाचे मोर्चे निघाले, २०१९ ला कोरियात जपानी मालावर बहिष्कार पडला. पण गाणी ऐकणं काही तरुण मुलांनी दोन्हीकडे सोडलं नाही.

बंदीचं विचाराल तर, प्रत्यक्ष लढाई चालू असताना काही गोष्टी थांबवाव्या लागतात हे मी समजू शकते. माझी तक्रार अशी की बंदी घालण्याचा दिवस ठरलेला असतो, उठवण्याचा कुणी ठरवतच नाही. पाकिस्तानने १९६५ च्या युद्धानंतर भारतीय सिनेमे थिएटरमधून बंद केले ते जवळपास चाळीस वर्षं, आणि त्या काळात तिकडची घरंच्या घरं कॅसेट लावून हिंदी सिनेमे बघत होती आणि इकडे आपण त्यांच्या मालिकांच्या कॅसेट हातोहात फिरवत होतो. अमृतसर आणि लाहोरमध्ये तर अंतर पन्नासेक किलोमीटरचं, तिथे नुसता अँटेना फिरवला की एकमेकांचा टीव्ही दिसायचा. पुढे २००८ च्या सुमारास हिंदी सिनेमे परत लागायला लागले, त्यांच्या जोरावर तिकडे नवी मल्टिप्लेक्स उभी राहिली, २०१९ ला पुन्हा सगळं बंद. आपल्याकडेही पाकिस्तानी कलाकारांवर पूर्ण बंदी मागणारी याचिका मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये फेटाळली, सुप्रीम कोर्टानेही ती ऐकून घेतली नाही, हे किती जणांना माहितीये? पहलगामनंतर मात्र सरकारनेच ओटीटीवरून पाकिस्तानी कार्यक्रम काढायला सांगितले, म्हणजे तुम्ही ज्या मालिकांबद्दल विचारता त्यातल्या बऱ्याच आता इथे दिसतच नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला वर्ल्ड चॅम्पियनशिप होती. आठवडाभर आधीपासून नीरज विरुद्ध अर्शद, भारत विरुद्ध पाकिस्तान, असंच सगळीकडे रंगवलं होतं. प्रत्यक्षात नीरज आठवा आला, अर्शद दहावा, आणि गोल्ड नेलं त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने. आपला सचिन यादव, पहिल्यांदाच वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरलेला, ८६.२७ मीटर टाकून चौथा आला, अगदी थोडक्यात ब्राँझ हुकलं त्याचं. दुसऱ्या दिवशी मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना अर्शद हरला हे सगळ्यांना माहीत होतं, सचिनचं नाव एकालाही सांगता आलं नाही.