मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापली तेव्हा

मे महिन्याच्या भर दुपारी बीडहून अंबाजोगाईला निघालो होतो. गाडीत आई, बायको, लेक. डिकी भरलेली, एसी चालू. सपाट रस्त्यावर इंजिनच्या तापमानाचा काटा रोजच्या जागी होता. घाटात मात्र पुढे मालानं भरलेला ट्रक रांगत चढत होता आणि त्याच्या मागे काटा वर सरकायला लागला.

एसी बंद केला, काचा उतरवल्या आणि हीटर पूर्ण सोडला. आई म्हणाली, "अरे, या उन्हात हीटर?" पण हीटरची गरम हवा कुलंटमधूनच, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यातूनच येते, तेवढी उष्णता गाडीत ओढली की इंजिनला जरा दम मिळतो. काटा थांबला, उतरला नाही. बॉनेटच्या फटीतून वाफ दिसताच रुंद जागा बघून गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावला. लाल त्रिकोण मागे लांबवर ठेवला आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे लिंबाच्या सावलीत बसवलं. पाण्याचा जार आईच्या हवाली केला. मे महिन्यात आधी माणसं, मग गाडी.

आपल्याकडे रस्त्यात कुणी अडलं की माणसं थांबतातच. मोटारसायकलवरचे एक काका कॅन घेऊन आले. "टोपण उघडा की दादा, पाणी वतू, लगेच गार होईल."

मी त्यांचा हात धरून थांबवलं. "काका, आत्ता नाही. तोंड भाजंल."

हे मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं. रेडिएटरचं टोपण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. टोपण सैल झालं की दाब उतरतो आणि तेच पाणी क्षणात उकळून अंगावर उसळतं. तापलेल्या इंजिनवर वरून गार पाणी मारलं तर धातूला तडा जायची भीती. वाफ थांबेपर्यंत बॉनेटही उघडलं नाही. उघडल्यावरही रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवले, कारण बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरतो.

तासभर तरी थांबलो. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गार लागला तेव्हा जाड फडकं धरून टोपण थोडंसं फिरवलं, उरलेला दाब जाऊ दिला, मग काढलं. काकांचं पाणी बोअरचं, क्षाराचं. पण अडचणीत तेही चालतं. सावकाश ओतलं, इंजिन सुरू करून क्षणभर एसी लावला, एसी लावला की पंखा फिरायला हवा. पंखा हलला नाही. सपाट रस्त्यावर वेगाची हवा रेडिएटरला पुरत होती, चढावर पंख्याशिवाय भागणार नव्हतं. लगेच इंजिन बंद केलं. खाली सांडलेल्या कुलंटवर माती टाकली. ते गोडसर असतं, जनावरं चाटतात आणि त्यांना ते विषारी ठरतं.

एक पिकअपवाला दोरी बांधून ओढायला तयार होता. त्याला हात जोडले. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, घाटात तो धोका नको. राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर फोन केला, क्रेन आली.

मांजरसुंब्यातल्या मेकॅनिकला पंख्याची मोटर जाम होऊन फ्यूज उडालेला सापडला. मोटर बदलून त्यानं हेड गास्केटही, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालची सांधा बंद ठेवणारी पट्टीही, तपासली: ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. बोअरचं पाणी काढून नवं कुलंट भरलं. सकाळी गार इंजिनवर पातळी बघायला त्यानं बजावलं होतं. अंबाजोगाईत उठल्या उठल्या पाहिली, खुणेवरच होती.