मालिका सकाळीच बघून झालेली!

आज डोंबिवलीला आत्याकडे होते. संध्याकाळी मालिका लागली आणि आत्या मेथी निवडता निवडता म्हणाली, "तो काही खरं सांगत नाही आता. फोन वाजेल बघ." वाजला! बाईसाहेबांनी भाग सकाळीच मोबाईलवर उरकला होता. झी५ वर पैसे भरले की टीव्हीच्या आधी बघायला मिळतं ना. काका असले वैतागले!

नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्येच भारतात आलं, पण आमच्यासारख्या घरांत उलथापालथ केली ती त्याच सप्टेंबरात आलेल्या जिओच्या स्वस्त डेटाने, असं माझं ठाम मत. आता रिमोटवरून भांडणंच नाहीत, जो तो आपापल्या फोनात.

काकांचा जीव मात्र क्रिकेटच्या मराठी कॉमेंट्रीत. २०२३ ला जिओसिनेमावर आयपीएल फुकट होती, मराठीतही. तिथे बोलणारा आपला केदार जाधव स्पर्धेच्या मधेच बेंगळुरूच्या संघात गेला, हे ते अजून रंगवून सांगतात.

तुमच्याकडे अजून कोणी ठरलेल्या वेळेला टीव्हीसमोर बसतं का? आणि पुढचं आधीच फोडणाऱ्या आत्या किती?