कंपाउंडची भिंत नि कंपोस्टचा खड्डा

परभणीला भावाच्या प्लॉटवर कंपाउंडचं काम चालू आहे. रविवारी तिथं चहा पीत बसलो होतो तर नववीतल्या पुतणीनं विचारलं, काका, सायन्सच्या पुस्तकातलं कंपाउंड नि हे भिंतीचं कंपाउंड एकच का ओ? मी म्हणलं हाव, विटा-सिमेंट एकत्र करायलेत की. दिलं ठोकून. घरी येऊन शोधलं तर साफ तोंडावर आपटलो.

एकत्र केलेलं या अर्थाचं कंपाउंड लॅटिनमधनं आलंय, कॉम म्हणजे सोबत नि पोनेरे म्हणजे ठेवणं. शेवटचा ड मूळचा नाहीच, तो इंग्रजांच्या तोंडात मागून चिकटला, साउंडमधल्या ड सारखा. पाण्यासारखं संयुग हे कंपाउंड, जोडशब्द पण कंपाउंड, नि बँकेचं चक्रवाढ व्याजही तेच, १० हजाराला १० टक्क्यानं ३ वर्षांचं साधं व्याज ३००० तर चक्रवाढ ३३१०, वरचे ३१० हे व्याजाला झालेलं व्याज.

आणि कंपाउंडर! लहानपणी तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीमागं बसायचा, बाटलीत लाल औषध, बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी, एका खुणेपर्यंत एक डोस. लोक डॉक्टरपेक्षा त्यालाच जास्त घाबरायचे. औषधं कालवून देतो म्हणून कंपाउंडर, आम्हाला वाटायचं दवाखान्याच्या कंपाउंडात राहतो म्हणून.

भिंतीवालं कंपाउंड मात्र भलत्याच घरचं. बहुतेक जाणकार त्याचं मूळ मलय भाषेतल्या कांपुंगमधे धरतात, म्हणजे वाडी, वस्ती, घरांचा पुंजका, १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात पण हेच सापडतं. क्वालालंपूरात आजही कांपुंग बारू नावाची वस्ती आहे, म्हणजे आपलं नवं गावच. गोऱ्यांनी तो शब्द बंगल्याच्या आवाराला लावला, बोलताना ओळखीच्या कंपाउंडकडं ओढला, नि आपण त्यांच्याही पुढं, आवार सोडून नुसत्या भिंतीलाच कंपाउंड म्हणायलोत.

अजून एक गंमत, कंपोस्ट खतातलं कंपोस्ट त्याच पोनेरेच्या कुळातलं. पुतणीला फोन करून चूक कबूल केली तर म्हणती, म्हणजे उकिरडा सख्खा नि भिंत परकी?

भावानं कंपोस्टचा खड्डा नेमका त्या भिंतीला खेटून खणलाय. मिस्त्री रोज ओरडायलाय, पाया भिजंन, लांब घ्या म्हणून.