सेबन रिटायर झाला त्या दिवशी आमची फार्मसी

अमेरिकेत फार्मसीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, जानेवारी नको वाटतो. एक तारखेला बहुतेकांच्या इन्शुरन्सचं डिडक्टिबल (इन्शुरन्सनं पैसे भरायच्या आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) परत शून्यावरून सुरू होतं, म्हणजे डिसेंबरात दहा डॉलरला नेलेली गोळी जानेवारीत दीडशेला पडू शकते, आणि त्याचा राग इन्शुरन्स कंपनीवर न निघता काउंटरवर जो उभा असेल त्याच्यावर निघतो. बऱ्याचदा ती मी असते. मी टस्कलूसात असते, अलाबामा युनिव्हर्सिटीचं गाव. 10 जानेवारी 2024, बुधवार. दुपारचे चार वाजून गेलेले, ड्राइव्ह थ्रूला गाड्या, आत सात-आठ माणसं, आणि मी एका बाईंना सगळं समजावत होते की बाई, ही किंमत मी ठरवत नाही हो.

तेवढ्यात रांगेतल्या एकाचा फोन वाजला, मग दुसऱ्याचा, मग जवळपास सगळ्यांचेच. आमची टेक, म्हणजे फार्मसी टेक्निशियन, युनिव्हर्सिटीतच शिकणारी पोरगी, मागे ट्रेवर पाच-पाच करत गोळ्या मोजत होती, तिनं फोन बघितला आणि स्पॅच्युला हातात तसाच धरून म्हणाली, "निक सेबन रिटायर झाला." मोजणी परत पहिल्यापासून. आणि ज्या बाई माझ्याशी भांडत होत्या त्यांनी एक शब्द न बोलता कार्ड पुढे केलं. दीडशेच्या वर बिल होतं, पावतीसुद्धा बघितली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे ते हातात धरून पळायचं, हेल्मेटवालं फुटबॉल, आणि तेही कॉलेजचं. गावाची वस्ती लाखभर आणि स्टेडियमही लाखभराचंच. सेबन 2007 साली इथे कोच म्हणून आला, 17 सीझन राहिला, सहा नॅशनल टायटल जिंकून दिली, शिवाय आणखी एक त्याआधी लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला असताना. वय 72. पगार वर्षाला अकरा मिलियन डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले नव्वद कोटी धरा. आणि ही सरकारी युनिव्हर्सिटी बरं का, राज्याच्या गव्हर्नरचा पगार त्याच्यापुढे चिल्लर. मी इथे नवीन आले तेव्हा मला हे सगळं खुळचटपणाच वाटायचा. अजूनही थोडा वाटतो, पण शनिवारी मॅच असली की मीपण शिफ्ट बदलून मागते ते सोडा.

तर औषधं घेऊन झाली तरी माणसं जाईनात. गल्लीत कुणी गेलं की दारात चपला काढून लोक नुसते उभे राहतात ना, तशी ती ब्लड प्रेशरच्या मशीनपाशी उभी. एक आजोबा आमचे नेहमीचे (कशाचं औषध घेतात ते सांगणार नाही, नोकरी प्यारी आहे), ते खुर्चीत बसले आणि इथल्या जुन्या कोचपासून, बेअर ब्रायंटपासून, सुरू झाले. ब्रायंटचीपण इथे सहा टायटल. 1982 च्या डिसेंबरात शेवटची मॅच जिंकला आणि महिन्याच्या आत, 26 जानेवारी 1983 ला, गेला. "त्यानंतर काय झालं ऐका," म्हणून आजोबांनी बोटं मोडत नावं घेतली. पर्किन्स, करी, मग स्टॉलिंग्ज, त्यानं 1992 चं टायटल दिलं म्हणून त्याच्या नावाला जरा थांबले, मग डुबोस, फ्रँचियोनी, मग तो प्राइस, ज्याला एकही मॅच खेळवायच्या आधीच काढला, मग शूला. "चोवीस वर्षं लागली आम्हाला दुसरा माणूस मिळायला," म्हणाले. "आता परत चोवीस वर्षं माझ्याकडे नाहीत." यावर काय बोलणार, मी पाणी दिलं.

मागून एक डिलिव्हरीवाला, पाठीवर 'फोर्थ अँड 31' छापलेला टीशर्ट, तो म्हणाला कोच मिळेल हो, पैसा आहे, पोरांचं काय ते बोला. आणि तिथून खरी चर्चा पेटली. कारण नियम असा होता की हेड कोच गेला की त्याच्या टीममधल्या पोरांना 30 दिवसांची खिडकी उघडते, कुठल्याही कॉलेजात जाता येतं. पूर्वी बदली केली तर वर्षभर न खेळता बसायला लागायचं, 2021 पासून पहिल्या बदलीला ती अट गेली, आणि त्याच वर्षापासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची परवानगी पण आली. म्हणजे कोच शोधायला जितके दिवस लावाल तितके दिवस बाकीची कॉलेजं तुमच्या पोरांना फोन करणार. थोड्या वेळानं बातमी आली की ॲथलेटिक डायरेक्टर ग्रेग बर्ननं पोरांकडे 72 तास मागितलेत. डिलिव्हरीवाला म्हणाला 72 तास फार झाले.

मग एकेका पोराचं नाव निघायला लागलं. केलेब डाउन्स राहील का? हा पहिल्याच वर्षाचा सेफ्टी, म्हणजे मागे राहून बचाव करणारा, बॉल घेऊन पळणाऱ्यांना शंभरावर वेळा पाडलेला, त्याच्यासाठी सगळे हात जोडून. बॉल फेकणारा क्वार्टरबॅक जेलन मिलरो राहील का? इथे मला हसू यायला लागलं, कारण सप्टेंबरात टेक्सासनं घरात येऊन 34-24 नं हरवलं तेव्हा ह्याच काउंटरवर हीच माणसं म्हणत होती की मिलरोला बॉल फेकता येत नाही, बसवा त्याला, आणि पुढच्या मॅचला बसवलाही. मग नोव्हेंबरात राज्यातल्याच दुसऱ्या युनिव्हर्सिटीत, ऑबर्नला, फोर्थ म्हणजे शेवटचा चान्स, 31 यार्ड पाहिजेत, घड्याळात मिनिटही उरलेलं नाही, आणि त्यानं कोपऱ्यात आयझेया बाँडला टाकला, 27-24 नं जिंकले. तेव्हापासून गावभर ते टीशर्ट. आणि एक जानेवारीला रोझ बोलमध्ये, म्हणजे सेमीफायनलला, मिशिगनकडून ओव्हरटाइममध्ये हरले, शेवटच्या प्लेला सेंटर सेथ मॅक्लॉफलिनचा स्नॅप (प्ले सुरू करताना बॉल मागे देतात तो) खाली गेला, तर त्या पोराचं नाव गावात घ्यायची सोय राहिली नाही. तो तर आधीच ओहायो स्टेटला निघाला होता. त्यावर एकजण म्हणाला, बरं झालं गेला, ब्याद गेली. (ह्याच मॅक्लॉफलिनला पुढच्या सीझनला देशातला सगळ्यात चांगला सेंटर म्हणून रिमिंग्टन ट्रॉफी मिळाली. मी त्या गृहस्थांची रिफिलची वाट बघत होते सांगायला.)

मी टेकला हळूच म्हटलं, गंमत बघ, कोच दुसरीकडनं फोडून आणायचा तर सगळे तयार, पण एकोणीस वर्षांचा पोरगा जातो म्हटलं की गद्दार. ती माझ्याकडे अशी बघायला लागली जसं काय मी चुकीचं औषध दिलं. म्हणाली, "कोचचं ते करियर आहे." आणि पोरांचं काय आहे मग? आणि सेबन स्वतः कसा आला होता, 2006 च्या डिसेंबरात तो मायामी डॉल्फिन्स ह्या प्रोफेशनल टीमला होता, चक्क पत्रकारांसमोर म्हणाला होता की मी अलाबामाचा कोच होणार नाहीये, आणि दोन आठवड्यांत इथल्या एअरपोर्टवर उतरला. हे मला त्या आजोबांनीच कधीतरी कौतुकानं सांगितलेलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बघितलं, स्टेडियमबाहेर सेबनचा पुतळा आहे त्याच्या पायाशी लोकांनी फुलं आणि ओटमील क्रीम पाय ठेवलेले, तो रोज सकाळी नाश्त्याला तेच खातो म्हणे. आपल्याकडे नारळ ठेवला असता. आणि फार्मसीत काम कमी, विमानं जास्त. खोटं नाही सांगत, नवीन कोच कोण येतो ते कळावं म्हणून लोक फोनवर प्रायव्हेट जेट ट्रॅक करत होते, कुठलं विमान टस्कलूसातून उडालं, कुठे उतरलं. ओरेगनचा कोच लॅनिंग, त्याचं नाव सगळ्यात वर होतं, त्यानं गुरुवारी व्हिडिओ टाकून सांगितलं कुठे जात नाही. टेक्सासच्या सार्किशियनचं नाव आलं, त्याला तिकडे नवीन करार. फ्लोरिडा स्टेटच्या नॉरव्हेलचं आलं, त्यालाही नवीन करार. नुसतं अलाबामात नाव निघालं म्हणून घरबसल्या पगार वाढला, माझं नाव कुणी तरी कुठे तरी काढा रे.

शुक्रवारी नक्की झालं, केलन डिबोर, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा. 72 तासही लागले नाहीत. हेड कोच म्हणून 104 जिंकल्या, 12 हरल्या, पण त्यातल्या 67 सू फॉल्स नावाच्या छोट्या कॉलेजात. आजोबांचा फोन आला दुकानात, औषधाचं काही नाही, नुसतं विचारायला की सू फॉल्स कुठे येतं. म्हटलं साउथ डकोटा. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरं, जिंकायला तर येतं त्याला." डाउन्स तरी गेलाच, ओहायो स्टेटला, आणि बाँड टेक्सासला. मिलरो राहिला. डिलिव्हरीवाला तो टीशर्ट घालून आला तेव्हा मी विचारलं, बाँड तर गेला, मग हा? म्हणाला, बॉल मिलरोनं फेकला होता.

त्या रविवारी माझा मावसभाऊ, सिॲटलला असतो, मास्टर्स वॉशिंग्टनचं, त्याचा फोन. "ताई, तुम्ही लोकांनी आमचा माणूस पळवला." तुम्ही लोकांनी! मी काय चेक लिहिला का. बिचाऱ्यांची टीम सोमवारी नॅशनल फायनल हरलेली, 34-13, आणि शुक्रवारी कोच गेला, त्यामुळे मी ऐकून घेतलं सगळं, निष्ठा वगैरे, पैशापुढे काही उरलं नाही वगैरे. मग शेवटी जरा आवाज चढवून म्हणाला, "पण आम्ही पण गप्प नाही बसलो हां, ॲरिझोनाचा जेड फिश उचललाय."

"अरे मग ॲरिझोनावाल्यांनी काय करायचं?"

"त्यांचं ते बघतील ना."

त्यांनी बघितलं. दोन दिवसांत सॅन होजे स्टेटचा कोच उचलला.